प्लॅनर ग्राफ समांतर कसा तपासायचा? डीएफएस सोडून 'कान' समजून घेतोय

पोफळी_गुहागर (गुरुवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच गोष्टीत अडकलोय आणि घरात कोणाशी बोलावं असा हा विषय नाही म्हणून इथे लिहितोय, थोडं लांब होईल.

विषय प्लॅनॅरिटी टेस्टिंगचा. काही नोड दिलेत, त्यांना जोडणाऱ्या कडा दिल्यात, तर हे सगळं कागदावर एकही कड दुसरीवरून न जाता काढता येईल का, एवढंच सांगायचं.

माझी ह्याच्याशी ओळख पुस्तकातून नाही झाली. आमचं गुहागर तालुक्यात आगर आहे, नारळ-पोफळीचं. पणजोबांच्या मागे आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ अशा तीन वाटण्या झाल्या पण विहिरी तिन्ही सामाईक राहिल्या, वरची, मधली आणि खालची, आणि ठरलं असं की प्रत्येकाच्या आगराला प्रत्येक विहिरीचं पाणी पाटाने आलं पायजे, कारण मे महिन्यात कुठली विहीर तळ गाठेल सांगता येत नाही. म्हणजे नऊ पाट. आठ पाट जमिनीवरून सरळ गेले. नववा, खालच्या विहिरीपासून धाकट्या आजोबांच्या आगरात जाणारा, तो काही केल्या दुसऱ्या पाटाला आडवा यायचा, तिथे पोफळीचं खोड उभं चिरून, पोखरून त्याची पन्हळ टाकलेली होती. लहानपणी मी त्या पन्हळीखाली बसायचो. खालून शेवाळ धरलेलं, सांध्यात गोणपाट कोंबलेलं आणि तरी थेंब थेंब खालच्या पाटात पडतच असायचं, आणि तो खालचा पाट मधल्या आजोबांचा, त्यामुळे आमचं पाणी तुमच्यात जातंय हे भांडण दर उन्हाळ्यात ठरलेलं. आजोबांनी दोनदा सगळे पाट फिरवून पाहिले. पन्हळ गेली नाही, फक्त दुसऱ्या जागी गेली.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं की ती जाणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी मला आजोबांची फार आठवण आली.

आता नोकरी घरूनच करतो, सर्किट बोर्डाची आखणी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. बोर्डाच्या एका थरात तांब्याच्या दोन रेघा एकमेकींना लागल्या की शॉर्ट, म्हणून कुठल्या जोडण्या एका थरात बसतील ते बघताना प्लॅनॅरिटी सारखी लागते. ऑफिसने ३२ कोरचं मशीन दिलं, मी जुन्या प्रोग्रॅममधलं डीएफएस (डेप्थ-फर्स्ट सर्च) ३२ थ्रेडमध्ये वाटून दिलं, आणि ते एका कोरवर चालायचं त्यापेक्षा हळू चाललं. दोन रात्री लॉक (एका थ्रेडचं काम दुसऱ्याने बिघडवू नये म्हणून घातलेली कुलपं) तपासण्यात गेल्या.

तर प्रश्न असा. होपक्रॉफ्ट आणि टार्जन यांनी १९७४ साली एन नोडच्या ग्राफची तपासणी एनच्या पटीतल्या वेळात करून दाखवली. एकट्या माणसाला ह्याहून चांगलं जमणार नाही कारण नुसता ग्राफ वाचायलाच तेवढा वेळ जातो. पण माणसं ३२ असतील, ३२ हजार असतील, तर काम वाटायचं कसं?

खाडीपलीकडे (९:५८)

दादा पन्हळीचं वाचून एकदम आमच्या राजापूरच्या घरामागचं डोळ्यासमोर आलं. मी अजून शिकतोय म्हणून विचारतो, नऊ पाट न छेदता जातच नाहीत हे सिद्ध कसं करायचं? कडा मोजून काहीतरी होतं ना, नोडच्या तिप्पट वजा ६?

पोफळी_गुहागर (१०:०५)

होतं. त्याहून जास्त कडा असल्या की ग्राफ नापास. १० लाख नोड असतील तर जास्तीत जास्त २९,९९,९९४ कडा. ही मोजणी सगळ्यात आधी करून टाकायची म्हणजे पुढे कडांचा पसारा वाढत नाही. पण आमचं आगर त्यातून निसटतं, ६ नोडना १२ कडा चालतात आणि पाट तर ९च. मग दुसरं बघायचं, पाट आगर ते विहीर एवढेच आहेत, आगर ते आगर एकही नाही, म्हणून तीन कडांचं वर्तुळ कुठेच होत नाही, आणि अशा ग्राफला मर्यादा दुप्पट वजा ४, म्हणजे ८. नववा तिथे अडकतो.

सुरंगी (१०:३१)

मोजून पटतं पण दिसत नाही. कागद घ्या आणि हे करून बघा.

एक गोल काढा आणि त्यावर ओळीने सहा ठिपके द्या, थोरलं आगर, वरची विहीर, मधलं आगर, मधली विहीर, धाकटं आगर, खालची विहीर. गोलाच्या रेघेवरच सहा पाट झाले. उरले तीन, थोरलं आगर ते मधली विहीर, मधलं आगर ते खालची विहीर, धाकटं आगर ते वरची विहीर. हे तिन्ही समोरासमोरचे ठिपके जोडतात, म्हणजे कुठलेही दोन घ्या, गोलाच्या एकाच बाजूला ठेवले की एकमेकांना कापणारच. एक आतून न्या. दुसरा बाहेरून न्या. तिसऱ्याला जागा नाही, कारण बाजू दोनच आहेत.

मला हे आवडतं ते एवढ्यासाठी की अख्खी प्लॅनॅरिटीची तपासणी ह्यातच आहे. एक वर्तुळ घ्यायचं, त्याला लटकलेले तुकडे बघायचे, ज्या दोन तुकड्यांचं एका बाजूला जमत नाही त्यांच्यात 'भांडण' अशी रेघ मारायची, आणि विचारायचं की सगळ्यांना आत आणि बाहेर अशा दोन गटांत भांडण न होता वाटता येतं का. मग प्रत्येक तुकड्याच्या पोटात तेच पुन्हा.

जांभाचिरा (११:१२)

सुरंगीताईंनी मुद्द्याचं सांगितलं. पोफळी, तुमचं लॉक चुकलेलं नाही, तुम्ही वाटलंत तेच वाटण्यासारखं नव्हतं. मी बरीच वर्षं हे शिकवलंय (आता निवृत्त, मुक्काम देवरुख), त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

१९७४ ची पद्धत पूर्णपणे डीएफएसवर उभी आहे. आणि १९८५ मध्ये जॉन रीफ यांनी दाखवलं की ठरलेल्या क्रमाने जाणारं डीएफएस पी-कम्प्लीट आहे. म्हणजे ते जर कोणी झटपट समांतर करून दाखवलं तर एका प्रोसेसरवर वाजवी वेळात सुटणारं झाडून सगळंच झटपट समांतर होईल, आणि तसं होईल असं ह्या क्षेत्रातल्या फारशा कोणाला वाटत नाही. तुम्ही ३२ माणसं अशा दारात उभी केलीत जिथून एका वेळी एकच आत जातो.

मोगरा_दापोली (११:२०)

डीएफएस म्हणजे काय ते कोणी साध्या भाषेत सांगेल का? बाकी सगळं कळतंय असं वाटतंय, तिथेच अडखळतेय.

जांभाचिरा (११:३४)

सांगतो. तुम्ही एखाद्या अनोळखी वाडीत गेलात आणि सगळ्या पाखाड्या पायाखालून घालायच्यात. नियम एकच, समोर न पाहिलेलं घर असेल तर पुढे जायचं, सगळी घरं पाहून झाली की आलो त्याच पाखाडीने एक घर मागे यायचं आणि तिथून दुसरी वाट आहे का बघायची. प्रत्येक घरावर खडूने नंबर टाकत जायचं, पहिलं, दुसरं, तिसरं. त्या नंबरांवरच पुढचं सगळं गणित चालतं.

आता दोन माणसं पाठवा. दुसरा माणूस जिथे उभा आहे तिथे कुठला नंबर टाकू? पहिला ह्याच घराकडे मागच्या परसातून येणार आहे की नाही हे पहिला परत येईपर्यंत कळत नाही. कुठली वाट कुठलं घर आधी गाठते ह्यावर पुढची सगळी वाडी अवलंबून, म्हणून दुसरा माणूस नुसता वाट बघतो. ३२ असतील तर ३१ वाट बघतात आणि वर एकमेकांना विचारण्यात वेळ जातो. पोफळींच्या मशीनवर हेच झालं असणार.

सुरंगी (११:५०)

काका, एका शब्दावर जोर देते, नाहीतर वाचणाऱ्यांचा गैरसमज होईल. पी-कम्प्लीट आहे ते ठरलेल्या क्रमाचं डीएफएस. कुठलंही एक डीएफएस झाड (फिरताना धरलेल्या वाटांचं) चालणार असेल तर यादृच्छिक निवड वापरून ते समांतर करता येतं, अगरवाल आणि अँडरसन, १९८८. आणि ग्राफ प्लॅनर आहे हे आधीच ठाऊक असेल तर यादृच्छिक निवडही लागत नाही. पण आपल्याला तेच तर तपासायचंय, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही.

जांभाचिरा (शुक्रवार, सकाळी ७:१५)

बरोबर आहे ताई, 'ठरलेल्या क्रमाने' हे मी नुसतं लिहून पुढे जायला नको होतं. काल लाइट गेली म्हणून आत्ता लिहितोय.

तर डीएफएस नाही, मग काय? पहिला मार्ग १९८२ मध्ये जाजा आणि सायमन यांनी काढला. त्यांनी प्रश्न रेषीय समीकरणांवर नेला. वेळ लॉग एनच्या वर्गाएवढा (लॉग म्हणजे एनला किती वेळा निम्मं केलं की १ उरतो तो आकडा), म्हणजे १० लाख नोडना लॉग साधारण २०, त्याचा वर्ग ४००, अशा पटीतल्या पायऱ्या. पण समीकरणं सोडवायला प्रोसेसर एनच्या वर्गाहूनही जास्त लागतात. १० लाखाचा वर्ग म्हणजे एकावर बारा शून्यं. सिद्धान्त म्हणून फार मोठी गोष्ट, कारण हे समांतर होऊ शकतं हे पहिल्यांदा कळलं, पण एवढी माणसं आणणार कुठून.

मग १९८६ मध्ये क्लाइन आणि रीफ यांनी तेवढ्याच वेळात नुसत्या एन प्रोसेसरवर आणलं. आणि १९८९ मध्ये विजया रामचंद्रन आणि रीफ यांनी वेळ लॉग एनवर आणला, काम जवळजवळ तेवढंच जेवढं 'ग्राफ जोडलेला आहे का' हे समांतर शोधायला लागतं. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीचं शिखर ते.

त्यांनी डीएफएसच्या जागी घेतलं ते 'कान'. इअर डिकॉम्पोझिशन. आधी एक वर्तुळ. मग त्याला एक वाट चिकटवायची जिची दोन्ही टोकं आधीच्या भागावर आणि मधला भाग सगळा नवा, कपाच्या कानासारखी. मग आणखी एक कान, त्याची टोकं आत्तापर्यंत जे झालंय त्यावर कुठेही. असं करत सगळ्या कडा संपवायच्या. दोन टोकं वेगवेगळ्या जागी असतील तर उघडा कान. आणि व्हिट्नीचं १९३२ चं प्रमेय सांगतं की ज्या ग्राफमधला कुठलाही एक नोड काढला तरी तो तुटत नाही, नेमका तोच ग्राफ असा उघड्या कानांनी बांधता येतो.

तळाशीलचो (७:४८)

माका ग्राफातला काय एक कळणा नाय, मी मासेमारीतलो. पण तो कान वाचून माका आमची रापण दिसली म्हणान लिवतंय. रापणीचो एक दोर किनाऱ्यार माणसांच्या हातात ठेयतत, होडी समुद्रात जाता, जाळा सोडीत सोडीत गोल फिरता आणि दुसऱ्या जाग्यार परत किनाऱ्याक लागता. दोनय टोका किनाऱ्यार, मधला सगळा पाण्यात. एकाच जाग्यार दोनय टोका ईली तर रापण ओढूकच येवची नाय. मगे दोनय टोकांक माणसा लागतत आणि एकाच टायमाक ओढतत, हेका तेची वाट बघूची लागणा नाय.

जांभाचिरा (८:०२)

तळाशीलकर, मी इतकी वर्षं कपाचं उदाहरण देत आलो. शिकवत असतो तर उद्यापासून रापण सांगितली असती. किनारा म्हणजे आत्तापर्यंत बांधलेला ग्राफ, रापण म्हणजे उघडा कान, आणि दोन टोकं एकाच जागी आली की बंद कान, जो आपल्याला नको.

पोफळी_गुहागर (८:२५)

हे वाचून अंगावर काटा आला, खरंच सांगतो. पण काका, अजून एक अडतंय. कान पण एकामागून एकच लावायचे ना? पहिला, मग दुसरा, मग तिसरा. मग ही रांगच झाली की परत. एका वेळी एकच होडी.

जांभाचिरा (९:१०)

हा अगदी बरोबर प्रश्न, आणि ह्याचं उत्तर माओन, शीबर आणि विश्किन यांनी १९८६ मध्ये दिलं. सगळ्या होड्या एकदम सोडता येतात.

आधी ग्राफातलं कुठलंही एक झाड घ्या, सगळ्या नोडना जोडणारं, वर्तुळ नसलेलं. कुठलंही चालतं हे महत्त्वाचं, डीएफएसचं असायची गरज नाही, आणि असं झाड समांतर काढता येतं. झाडाबाहेर राहिलेली प्रत्येक कड झाडाबरोबर मिळून एक वर्तुळ पुरं करते. त्या कडेला एक चिठ्ठी द्या, तिच्या दोन टोकांच्या वाटा मुळाकडे जाताना झाडात जिथे एकत्र येतात तो नोड मुळापासून किती लांब आहे तो आकडा, आणि बरोबरी झाली तर अनुक्रमांक. मुळाजवळची चिठ्ठी लहान. आता झाडातल्या प्रत्येक कडेने फक्त एवढंच विचारायचं, माझ्यावरून कोणाकोणाची वर्तुळं जातात आणि त्यातली सगळ्यात लहान चिठ्ठी कोणाची? जिची असेल तिच्या कानात मी.

झालं. कोणी कोणाची वाट बघत नाही. प्रत्येक कड आपापलं ठरवते आणि सगळ्यांचं मिळून कानांची ओळ तयार होते. कान उघडे यावेत म्हणून बरोबरीच्या चिठ्ठ्यांत थोडं जास्त बारकाईने बघावं लागतं, ते इथे सोडतो.

ह्याच्यापुढे रामचंद्रन-रीफचं काम सुरू होतं. प्रत्येक कानावर कोणते तुकडे लटकलेत ते काढायचं, त्यासाठी ग्राफ थोडा उसवून प्रत्येक कानाचा भाग वेगळा दिसेल असा पुन्हा बांधायचा, आणि मग सुरंगीताईंची आत-बाहेर वाटणी. तीसुद्धा समांतर. प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती करा, एक 'आत' आणि एक 'बाहेर'. भांडण असेल तर ह्याचा आत त्याच्या बाहेरला जोडा, आणि उलट. शेवटी कुठल्याही तुकड्याचा आत आणि त्याचाच बाहेर एकाच जोडलेल्या गटात सापडले की ग्राफ प्लॅनर नाही. जोडलेले गट शोधायला शिलोआख आणि विश्किन यांची १९८२ ची लॉग एन वेळाची पद्धत आहेच.

मोगरा_दापोली (९:३०)

चिठ्ठीचं दोनदा वाचलं आणि कळलं. धन्यवाद काका. वाचनखूण ठेवलीय.

सुरंगी (दुपारी १:०५)

मला हे सगळं मनापासून आवडतं, पण पोफळींना ऑफिसात सोमवारी काहीतरी दाखवायचं असणार म्हणून माझ्या अनुभवाने सांगते. हे सगळे आकडे पीरॅमवर आहेत, म्हणजे सगळे प्रोसेसर एकच मेमरी एका क्षणात वाचू शकतात असं मानलेलं मशीन. आपल्या मशीनवर मेमरी लांब असते, कॅश (प्रोसेसरजवळची छोटी जलद मेमरी) चुकतो, आणि कानांची यंत्रणा चालवायलाच इतके हेलपाटे होतात की कमी कोर असतील तर साधी एका कोरची पद्धत पुढे निघून जाते. बॉयर आणि मिरव्होल्ड यांची कड-कड जोडत जाणारी पद्धत घ्या, किंवा पायथनच्या नेटवर्कएक्समध्ये डावं-उजवं करणारी तयार आहे ती घ्या. दोन्ही रेषीय वेळाच्या, म्हणजे एनच्या पटीतल्या. नेटवर्कएक्सची 'नाही' म्हणताना कुठल्या कडांमुळे नाही तेही दाखवू शकते, बोर्डाच्या कामात त्याचा फार उपयोग होतो.

आणि त्याआधी एक सोपी गोष्ट करा. ग्राफातले असे नोड शोधा जे काढले की ग्राफ तुटतो, आणि तिथे तिथे कापून तुकडे करा. अख्खा ग्राफ प्लॅनर तेव्हाच, जेव्हा प्रत्येक तुकडा प्लॅनर. तुकड्यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही, प्रत्येक कोरला एक तुकडा द्या. हे कापणं समांतर करायची टार्जन आणि विश्किन यांची पद्धतही आहे, पण तुमच्या आकाराला एका कोरवर केलंत तरी चालेल.

पोफळी_गुहागर (रविवार, रात्री १०:१५)

ताई, दोन दिवस तेच केलं. जुन्या ११ बोर्डांवर चालवून बघितलं. आठ बोर्डांचे तुकडे छान झाले आणि ३२ कोर पहिल्यांदा खरंच कामाला लागले, पंख्याचा आवाज ऐकून बायको बघायला आली. तीन बोर्डांचं मात्र जमलं नाही. तिथे पॉवर आणि ग्राउंडच्या जोडण्यांनी सगळं एकत्र बांधलेलं, एकच भलामोठा तुकडा आणि बाजूला शेपाचशे चिल्लर. एक कोर राबतोय आणि ३१ रिकामे. म्हणजे सोमवारी दाखवायला आहे, पण कानांशिवाय सुटका नाही.

सुरंगी (१०:४०)

अशा तुकड्यावर कानच. आणि कानांची किंमत वेगापुरती नाही हेही सांगते. २००० मध्ये एरिक अ‍ॅलेंडर आणि मीना महाजन, म्हणजे आपल्या चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसच्या, यांनी हीच कानांची पद्धत घेऊन दाखवलं की प्लॅनॅरिटी तपासणं हे मुळात 'ह्या नोडपासून त्या नोडला पोचता येतं का' ह्या प्रश्नापेक्षा अवघड नाही. मग २००४ मध्ये ओमर राइनगोल्ड यांनी तो प्रश्न लॉग एन एवढ्याच मेमरीत सोडवला, आणि त्याबरोबर प्लॅनॅरिटीपण तिथे आली. १० लाख नोडचा ग्राफ तपासायला, ग्राफ वाचण्यापुरता समोर ठेवून, हातात फक्त काही नोडचे नंबर मावतील एवढी जागा. वेळ फार जातो, वापरायचं म्हणून कोणी तसं करणार नाही, पण एवढ्याशा जागेत हे होतं हे वाचून मी त्या रात्री झोपले नव्हते. पुढे २००९ मध्ये दोन प्लॅनर ग्राफ सारखेच आहेत का हेही तेवढ्याच मेमरीत बसवलं गेलं, त्या पेपरवर नूतन लिमये आणि प्राजक्ता निंभोरकर ही नावं पाहिली तेव्हा फार बरं वाटलं.

खाडीपलीकडे (१०:५२)

काका किंवा दादा, एखादं उदाहरण हाताने पूर्ण करून दाखवाल का? चिठ्ठ्यांसकट. मला ते झाड, कान आणि शेवटचं 'नाही' एकदा सलग बघायचंय.

पोफळी_गुहागर (सोमवार, पहाटे ५:२०)

मी करतो. रात्री पावसाच्या आवाजाने जाग आली तेव्हा आमच्याच आगराचं करायला घेतलं, वहीचं पान समोर आहे.

मूळ म्हणजे थोरलं आगर, आमचं. झाडात पाच कडा घेतल्या, आमच्याकडून तिन्ही विहिरींना तीन, आणि वरच्या विहिरीकडून मधल्या आणि धाकट्या आगराला एकेक. सहाही नोड आले. झाडाबाहेर उरले चार पाट. मधलं आगर ते मधली विहीर, मधलं आगर ते खालची विहीर, धाकटं आगर ते मधली विहीर, धाकटं आगर ते खालची विहीर. चौघांच्याही टोकांच्या वाटा एकत्र येतात त्या मुळाशीच, म्हणून आकडा सगळ्यांचा शून्य आणि अनुक्रमांकाने चिठ्ठ्या १, २, ३, ४.

आता झाडातली कड कड. आमचं आगर ते वरची विहीर, हिच्यावरून चौघांचीही वर्तुळं जातात, लहान चिठ्ठी १. आमचं ते मधली विहीर, हिच्यावरून १ आणि ३, म्हणजे १. आमचं ते खालची विहीर, २ आणि ४, म्हणजे २. वरची विहीर ते मधलं आगर, १ आणि २, म्हणजे १. वरची विहीर ते धाकटं आगर, ३ आणि ४, म्हणजे ३.

कान लिहिले. पहिला म्हणजे वर्तुळ, आमचं आगर, वरची विहीर, मधलं आगर, मधली विहीर आणि परत आमचं. दुसरा, मधल्या आगरातून खालच्या विहिरीवरून आमच्या आगरात. तिसरा, वरच्या विहिरीवरून धाकट्या आगरातून मधल्या विहिरीला. चौथ्यात एकटी एकच कड, धाकटं आगर ते खालची विहीर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याची टोकं वेगवेगळ्या जागी, तळाशीलकरांच्या रापणीसारखी, म्हणजे सगळे उघडे.

दुसऱ्या कानाची टोकं वर्तुळावर दोन आगरांना, तिसऱ्याची दोन विहिरींना, आणि वर्तुळावर आगर-विहीर-आगर-विहीर असा क्रम, म्हणून दोघांचं एका बाजूला भांडण. दुसरा बाहेर ठेवला, तिसरा आत. म्हणजे खालची विहीर वर्तुळाच्या बाहेर राहिली आणि धाकटं आगर आत. आणि चौथ्या कानाला नेमकं ह्या दोघांनाच जोडायचंय, म्हणजे तो म्हणतो दोघं एकाच बाजूला पायजेत. एक भांडण सांगतं वेगळे ठेवा, एक कान सांगतो एकत्र ठेवा. इथे 'नाही' येतं.

वर्तुळ ओलांडल्याशिवाय तो चौथा कान जाऊच शकत नाही. मी तो वहीत मधलं आगर ते मधली विहीर ह्या रेघेवरून नेला आणि मग बराच वेळ बघत बसलो, कारण पन्हळ नेमकी तिथेच होती. खालच्या विहिरीचं पाणी धाकट्या आजोबांकडे, आणि खालून मधल्या आजोबांचा मधल्या विहिरीचा पाट.

खाडीपलीकडे (६:४०)

दादा, पण अनुक्रमांक वेगळे दिले असते तर?

पोफळी_गुहागर (६:५५)

तर शेवटचा कान दुसरा निघाला असता आणि पन्हळ दुसऱ्या पाटावर आली असती. आजोबांनी दोनदा पाट फिरवले तेव्हा तेच झालं होतं. आता पाऊस थांबलाय, पंप बघून येतो आणि मग चिठ्ठ्यांचा कोड त्या तीन बोर्डांवर चालवतो, चालला तर इथेच लिहीन.